चौदा पूर्णांक सहा

"एकदा खटकन बंद झालं की बस. त्यावर एक थेंबही नको," मी म्हणाले.

पंपावरच्या सुगंधाताईंनी नळी टाकीतच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "राउंड फिगर नको?"

"नको."

"सगळे मागतात."

"मला राउंड नको, बरोबर हवंय."

त्यांनी भुवया उंचावल्या आणि गाडीला टेकून उभ्या असलेल्या भुवडकाकांना विचारलं, "ही डॉक्टरांची का? पेट्रोल भरतेय की केशर?"

"व्हय, धाकली," काका कौतुकानं म्हणाले. "पुण्यात फिजिक्स शिकली. आता गाडीची तपासणी करणार हाय."

नळी खटकन बंद झाली. मी वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि लिटर लिहून घेतले, दशांश चिन्हापुढच्या अंकासकट. हात अक्षरशः शिवशिवत होते. तीन वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी असेच प्रयोग केले होते ज्यांची उत्तरं आधीपासून सगळ्यांना माहीत होती. हा पहिलाच असा, की ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मे महिना होता, बी.एस्सी.चा निकाल लागायचा होता आणि मी चिपळूणला घरी आले होते. बाबा दातांचे डॉक्टर. मुख्य दवाखाना गावात, पण ठरलेल्या वारी ते गुहागर, अलोरे, सावर्डे असे फिरायचे. मानेच्या दुखण्यामुळे त्यांनी गाडी चालवणं जवळपास सोडलं होतं. गेली नऊ वर्षं आमची पांढरी गाडी अनंत भुवडच चालवत होते. मी सातवीत असताना ते आमच्याकडे आले. माझी सायकलची चेन त्यांनी बसवली होती आणि बारावीच्या पेपरांना तेच मला सोडायचे.

घरी आले त्याच दिवशी बाबा जेवताना म्हणाले होते, "शरू, ही गाडी पेट्रोल पीत नाही, प्राशन करते. आधी पंधराच्या आसपास अॅव्हरेज द्यायची. आता बघावं तेव्हा टाकी रिकामी. त्यात दर हे असे. पंपावरचा आकडा पळायला लागला की माझी मान आणखी दुखते."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून म्हण."

मी बाबांच्या टेबलाचा खण उपसला. पावत्या होत्याच, प्रत्येकीवर किलोमीटरचा आकडा टिपलेला. त्यांवरून आलेख काढला. फेब्रुवारीपर्यंत रेघ चौदा-पंधराच्या मध्ये सरळ चालत होती. शिमग्याच्या आठवड्यात ती खाली कोसळली आणि अकराच्या जरा वर जाऊन पुन्हा सरळ झाली. एखाद्यानं बटण दाबावं तशी. हळूहळू म्हातारी होणारी गाडी असा आलेख देत नाही. मला त्या रात्री झोप लागेना, इतकी मी खूश होते.

पंपावरून परत येताना मी काकांना विचारलं, "गाडीत काही बदल जाणवला का तुम्हाला?"

"काटा वर येत नाय गो बाय."

"कुठला?"

त्यांनी स्टिअरिंगमागच्या तापमानाच्या काट्यावर बोट ठेवलं. तो खाली, थंडच्या खुणेजवळ होता. "आदी मधोमध असायचा. डाक्टरांना दोनदा सांगितलं."

घरी मी बाबांना विचारलं तर ते हसले. "गाडी थंड राहते तर राहू दे की! ती थंड, मी थंड. गाडी तापली की विचार मला."

मलाही ते पटलं. बाहेर सदतीस अंश तापमान होतं. अशा हवेत गाडी थंड राहते, ही तक्रार कशी असेल? मी वहीत त्याची नोंदसुद्धा केली नाही.

*

पुढचे पंधरा दिवस मी एकेक शक्यता खोडत गेले. चाकांतली हवा बरोबर होती. एअर फिल्टर नवा घातला, फरक शून्य. गळती असेल म्हणून तीन रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. सकाळी त्यांवर फक्त मांजराच्या पावलांचे ठसे. आई म्हणाली, "निदान मांजराचं तरी अॅव्हरेज चांगलं आहे."

मग पंप. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि कुठल्याही ग्राहकाला ते मागता येतं, हे मी वाचलं होतं. मी मागितलं. सुगंधाताईंनी कमरेवर हात ठेवले.

"चौदा वर्षं नोकरी करते. हे माप मागणारी तू तिसरी."

"पहिले दोघं कोण?"

"दोघंही इन्स्पेक्टर."

पण त्यांनी माप आणलं, त्यात पाच लिटर सोडलं. पेट्रोल बरोबर खुणेवर येऊन थांबलं. "बघ. आमच्यावर संशय होता ना?"

"संशय नाही. शक्यता होती."

"लग्न कर तू एखाद्या वकिलाशी," त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांची दोन मापं आली. अकरा पूर्णांक चार. अकरा पूर्णांक तीन. आणि माझ्या यादीत एकच शक्यता शिल्लक राहिली. तिच्यासमोर मी पेन धरून बराच वेळ बसले होते, हे मला अजून आठवतं. मग मी आलेख पुन्हा पाहिला. शिमग्याला भुवडकाका दहा दिवस रजेवर गेले होते. रेघ कोसळली होती ती त्याच आठवड्यात, आणि ते परत आल्यापासून ती वर आलीच नव्हती.

संध्याकाळी मी बाबांना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा काढला.

"अनंता? शक्य नाही."

"बाबा, मी बाकी सगळं तपासलंय."

"नऊ वर्षं..."

"एक चाचणी करू. तुम्ही फक्त त्यांच्या कानावर घाला, की पेट्रोल मी मोजतेय. मग आठवडाभर बघू. काही बदललं नाही तर माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी दारातच, चप्पल घालता घालता, बाबा सहज बोलल्यासारखं बोलले, "अनंता, ही आता लिटर-लिटरचा हिशेब ठेवतेय हं. कुठं जातंय पेट्रोल ते शोधणार म्हणते."

काकांनी गाडी पुसायचं फडकं झटकलं. बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं हाय," म्हणाले.

त्या आठवड्यात ते रोज अर्धा तास लवकर यायचे आणि "हवा बघून येतो" म्हणून गाडी घेऊन जायचे. माणूस जपून वागायला लागलाय, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या सोमवारी टाकी भरली. तीनशे बारा किलोमीटर, एकवीस पूर्णांक चार लिटर. मी पंपावरच भागाकार केला, मग पुन्हा केला. चौदा पूर्णांक सहा! घरी जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. "बाबा! चौदा पूर्णांक सहा! नुसतं सांगितलं, गाडीला हात लावला नाही, आणि तीन पूर्णांक तीननं वाढलं!"

बाबांना आनंद झाला नाही. त्यांनी ती वही बराच वेळ हातात धरली आणि मिटून मला परत दिली.

मंगळवारी सकाळी त्यांनी काकांना वर बोलावलं. मी आतल्या खोलीत होते, दार अर्धवट उघडं होतं.

"अनंता, उद्यापासून येऊ नकोस."

"का, डाक्टर?"

"तुला माहीत आहे."



"बरं," काका म्हणाले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. खाली जाऊन गाडीतली आपली पाण्याची बाटली आणि फडकं काढलं. फडकं पिळलं, झटकलं, घडी घातली. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

*

बुधवारपासून गाडी मी चालवू लागले. लायसन्स होतं, सराव नव्हता. अलोऱ्याच्या चढावर गाडी दोनदा बंद पडली आणि बाबांनी दोन्ही वेळा देवाचं नाव घेतलं. पण मला मजा येत होती. वाऱ्यानं केस उडत होते, वही शेजारी होती, आणि एक कोडं मी सोडवलेलं होतं.

गुरुवारी जेवताना बाबा म्हणाले, "आज तांबेबाईंचा फोन आला होता. शाळेच्या व्हॅनला ड्रायव्हर हवाय. अनंतानं अर्ज केलाय."

आई वाढता वाढता थांबली.

"त्या म्हणाल्या, डॉक्टर, लहान मुलांचा प्रश्न आहे. नऊ वर्षं तुमच्याकडे होता. फक्त एवढंच सांगा, माणूस सरळ आहे ना? शनिवारी बारापर्यंत सांगतो म्हटलं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाही म्हटलं तर या गावात त्याला कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. शरू, तुझं गणित पक्कं आहे ना?"

"पक्कं आहे."

"बघ हं."

"बाबा, उद्या सकाळी पुन्हा टाकी भरते. तीन दिवस गाडी माझ्याच ताब्यात आहे. साडेचौदाच्या वर येईल बघा."

शुक्रवारी सकाळी आठला नळी खटकन बंद झाली. मी आकडा लिहिला. भागाकार केला.

अकरा पूर्णांक चार.

मी सुगंधाताईंना पुन्हा नळी लावायला सांगितली. दोन थेंबही मावले नाहीत. किलोमीटर पुन्हा वाचले. अकरा पूर्णांक चार. किल्ली माझ्या उशाखाली होती. गाडी फाटकाच्या आत होती. पेट्रोल चोरायला कुणीच नव्हतं, आणि पेट्रोल जातच होतं.

मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. "ओ ताई, गाडी घ्या पुढे!"

गाडी पुढे घेऊन मी कडेला थांबले. मग काकांना घालवलं ते कशासाठी? आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी हातांत पुन्हा तीच शिवशिव होती. म्हणजे उत्तर अजून बाकी आहे! समोर नजर गेली. चार किलोमीटर चालून आलेली गाडी, आणि तापमानाचा काटा तळाशी.

काटा वर येत नाय गो बाय.

मी तशीच महामार्गावर सुटले. दहा किलोमीटर, पंधरा किलोमीटर. काटा जागचा हलला नाही. आणि मग जे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. इंजिनाला ठरावीक तापमान लागतं. ते थंड आहे असं वाटलं की गाडी स्वतःहून जास्त पेट्रोल सोडते, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना सोडते तसं. आमची गाडी शिमग्यापासून दिवसभर सकाळच सुरू आहे असं समजून चालत होती!

तपासायचं कसं? घरी जिन्याखाली आंब्याचे खोके होते. एकाचं झाकण फाडलं, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या समोर पुठ्ठा बसवला, अर्धा झाकेल असा. बाबा गॅलरीतून ओरडले, "अगं, काय करतेस? पेटवशील गाडी!"

"खाली या! पटकन या!"

ते शेजारी बसले, मान धरून. बायपासवर गाडी काढली. पाच मिनिटं काही झालं नाही. सातव्या मिनिटाला काटा हलला.

"बाबा, बघा!"

"रस्त्याकडे बघ तू!"

"तुम्ही काट्याकडे बघा. सांगत राहा."

"वर चाललाय... पाव झाला... अगं, अजून चाललाय. शरू, थांबव, उकळेल ती!"

मधोमध आल्यावर गाडी थांबवून मी पुठ्ठा काढला. परत निघालो आणि पाच मिनिटांत काटा पुन्हा तळाशी. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. "यात काहीतरी नाहीये! जे इंजिनाला गरम ठेवतं तेच नाहीये!"

"गरम ठेवतं म्हणजे?" बाबांनी विचारलं. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "शरू, एक पितळी झडप असते का? एवढीशी? स्प्रिंगवाली?"

"थर्मोस्टॅट. तुम्हाला कसं माहीत?"

"ती मीच काढायला लावली."

*

शिमग्यात काका रजेवर असताना बाबा स्वतः गाडी घेऊन कराडला एका लग्नाला निघाले होते. कुंभार्ली घाटात गाडी उकळली. टोचन करून, दुसऱ्या गाडीनं ओढत, ती सुर्वे मेस्त्रींच्या गॅरेजात आणली होती. हे सगळं बाबा विसरले नव्हते. त्यांना त्याचा पेट्रोलशी संबंध आहे असं वाटलंच नव्हतं, इतकंच.

"हां, वॉल," झडपेबद्दल विचारल्यावर सुर्वे मेस्त्री म्हणाले. ते गाडीखालून बाहेर आले आणि फडक्याला हात पुसू लागले. "तो आम्ही काढूनच टाकतो. कुणाच्याही गाडीचा. गाडी तापणं बंद."

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? तो कंपनीवाल्यांनी थंड देशासाठी दिलाय. आपल्याकडं बर्फ पडतो काय?"

"गाडी उकळली कशामुळे होती?"

"पाइप फाटला होता. तो बदलला की."

"मग वॉल कशाला काढला?"

मेस्त्री बाबांकडे बघायला लागले. "डॉक्टर म्हणाले, पुन्हा तापली नाही पाहिजे, जे करायचं ते करा."

बाबांनी घसा साफ केला. "असं म्हणालो असेन मी."

मेस्त्रींनी चार बोल्ट सोडले आणि झाकण उचललं. आत पोकळ, स्वच्छ, रिकामी जागा. एवढी रिकामी जागा बघून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. नवा थर्मोस्टॅट बाजारात मिळाला, मुठीत मावणारा. पण गॅरेज बंद व्हायची वेळ झाली होती. मेस्त्री म्हणाले, सकाळी साडेआठला या.

मी तो घरी आणला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी, पाण्यात दोरीला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी कॉलेजमधून आणलेला थर्मामीटर.

"हे काय शिजवतेस?" आईनं विचारलं.

"न्याय," बाबा म्हणाले. ते हसत नव्हते.

सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी. झडप घट्ट मिटलेली. ब्याऐंशीला तिच्या कडेला केसाएवढी फट पडली. "उघडतेय!" मी ओरडले. आईसुद्धा पदरानं हात पुसत वाकली. तिघांची डोकी एका पातेल्यावर. पाणी उकळायच्या आत झडप पूर्ण उघडली. गॅस बंद केला तशी ती पुन्हा हळूहळू मिटली.

"एवढंसं आहे," आई म्हणाली. "आणि त्या बिचाऱ्याला घालवलंत."

 पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. झडप शिमग्यापासून नव्हती, तर अॅव्हरेज सगळे आठवडे अकराच्या जवळ यायला हवं. मग तो एक आठवडा चौदा पूर्णांक सहा कसा? गाडीत तेव्हाही झडप नव्हती. एक बिंदू रेघेवर बसत नव्हता. म्हणजे माझ्या हिशेबानं तेव्हा चोरी... पण कसली चोरी? चोरी थांबल्यामुळे वाढलं म्हणावं, तर मंगळवारपासून किल्ली माझ्याकडे होती, आणि तरी अकरा पूर्णांक चारच आलं होतं.

*

शनिवारी सव्वानऊला मेस्त्रींनी थर्मोस्टॅट बसवून दिला. काटा आपोआप मधोमध आला आणि तिथंच थांबला. नवं माप सुरू करायचं म्हणून मी आणि बाबा पंपावर गेलो.

"खटकन," सुगंधाताई माझ्याआधी म्हणाल्या आणि नळी लावली. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "काका दिसत नाहीत हल्ली? मागचा आठवडाभर रोज यायचे सकाळचे."

"हवा बघायला," मी म्हणाले.

"हवा कसली? पेट्रोल टाकायला. रोज एक लिटर. पैसे खिशातले, पावती नको म्हणायचे. मी म्हटलं, काका, टाकी अर्धी आहे की, लिटरभर कशाला? तर म्हणे, राहू दे गो, पोरीचं गणित जुळलं पाहिजे."

नळी खटकन बंद झाली.

मी बॉनेटवर वही उघडली. सोमवारी ते गाडी घेऊन आले होते, मंगळवारी, शनिवारपर्यंत रोज. सहा दिवस. सहा लिटर. एकवीस पूर्णांक चार अधिक सहा, सत्तावीस पूर्णांक चार. तीनशे बारा भागिले सत्तावीस पूर्णांक चार.

अकरा पूर्णांक चार.

बिंदू रेघेवर येऊन बसला. बरोबर, दशांशासकट. क्षणभर, एकच क्षण, मला तोच आनंद झाला. आणि मग मी तापलेल्या बॉनेटवर हात टेकला.

बाबांनी माझ्या खांद्यावरून आकडे वाचले. त्यांनी घड्याळ बघितलं, फोन काढला आणि तिथंच, दोन रिक्षांच्या मध्ये उभं राहून, मोठ्यानं बोलले, "तांबेबाई, डॉक्टर खातू बोलतोय. भुवडला घ्या. आजच घ्या. सरळ म्हणजे किती सरळ, ते मला आत्ता कळलं. चूक गाडीत होती, आणि बाकीची आमच्या घरात."

मार्गताम्हाण्याच्या पुढे काकांचं घर. रस्ताभर बाबा काट्याकडे बघत होते आणि मी बोलायची वाक्यं जुळवत होते. काका पडवीत पावसाळ्याची लाकडं रचत होते. आम्हाला बघून उभे राहिले, पण पुढे आले नाहीत. काकी तांब्या घेऊन बाहेर आल्या. तांब्या ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी मोजून देऊ?"

"अगो, गप," काका म्हणाले.

बाबांनी सगळं सांगितलं. घाट, मेस्त्री, झडप, शाळेचा फोन. शेवटी हात जोडले. काकांनी ते हात खाली केले. "डाक्टर, नको. काटा वर येत नाय, म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस."

बाबा जरा थांबून पुढे म्हणाले, "उद्यापासून पुन्हा ये, अनंता."

"नाय आता. शाळेची गाडी बरी. तिथं पेट्रोल नाय, पोरं मोजायची असतात."

मी जुळवलेली वाक्यं कुठंच सापडेनात. तोंडातून भलतंच निघालं. "काका, ते सहा लिटर कशाला टाकलेत? तुम्ही ते टाकले नसते तर मला कदाचित आधीच कळलं असतं!"

"शरू!" बाबा ओरडले.

काका माझ्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर बसले. "गाडी जास्त पितेय ते मला म्हाईत होतं. का, ते नव्हतं म्हाईत. तू वही घेतलीस तवा म्हटलं, आता ही कुणाचं तरी नाव लिवणार. तवर माजं लिवू नये, म्हणून टाकलं. आता तू सांग. मी नसतं टाकलं, तर तू मला चोर म्हटलं नसतंस?"

मी विचार केला. खरंच केला, डोक्यात आकडे मांडून. त्या आठवड्यातही अकरा पूर्णांक चार आलं असतं, आणि माझ्या यादीत तेव्हाही एकच शक्यता उरलेली असती. मी म्हटलं असतं, बघा, सांगूनही थांबत नाही.

"म्हटलं असतं," मी म्हणाले.

काका हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "हां. आता बरोबर मोजलंस." ते उठले आणि हात पुढे केला. "किल्ली आण. बघू दे तुजी झडप."

ते गाडीत बसले, मी शेजारी. गाडी सुरू केली. काटा उठला, सरळ मधोमध गेला आणि उभा राहिला. त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि पडवीकडे ओरडले, "चढला गो! अगो, बघ तरी येऊन, चढला!" काकी आल्या नाहीत, पण दारातून वाकून बघत होत्या.

मग त्यांनी गाडी बंद केली. "वही हाय?"

मी वही उघडली. चौदा पूर्णांक सहाची ओळ खोडायला पेन टेकवलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"खोडायचं नाय. खरं हाय ते. दे इकडं."

त्यांनी पेन घेतलं, वही स्टिअरिंगवर टेकवली, आणि माझ्या नेटक्या आकड्यांच्या शेजारी, समासात, जाड जाड अक्षरांत सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिलं आणि वही, पेन, किल्ली, तिन्ही माझ्या हातात दिली.

आज माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या खणात ती वही आहे. समासातली शाई फिकट झालीय, पण वाचता येते.

यात माजे सहा लिटर. अनंत भुवड.